दारू सोडणाऱ्याला मीटिंगचा खात्रीचा पत्ता मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर रोज स्थानिक कार्यक्रमांची एक चौकट असते. कीर्तन, पुस्तक प्रकाशन, रक्तदान शिबिर, अमुक पेठेत पाणी येणार नसल्याची सूचना, असे सारे त्यात वार आणि वेळेसह छापलेले असते. त्याच चौकटीत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटांच्या मीटिंग आपल्या जिल्ह्यात कुठे, केव्हा आणि कोणत्या भाषेत भरतात याची खात्री करून घेतलेली यादी द्यावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी लहान आहे, पण तिच्यामागचा अनुभव सांगितल्याशिवाय तिचे महत्त्व कळणार नाही, म्हणून पत्र लांबले आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझे यजमान गेली सात वर्षे दारूला शिवलेले नाहीत. उपचारांनी त्यांचे शरीर सावरले आणि मीटिंगने त्यांना टिकवले, असे मी माझ्यापुरते समजते. परंतु व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यापासून त्यांना मानवेल अशी मीटिंग सापडेपर्यंत आमचे पाच महिने गेले, आणि त्या पाच महिन्यांत ते तीन वेळा पुन्हा प्यायले. जून 2017 मध्ये एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात तीस दिवस राहून ते परतले तेव्हा हातात गोळ्यांची चिठ्ठी आणि एक फाईल होती. फाईलच्या शेवटच्या पानावर शिक्का होता, ‘नियमित ए. ए. मीटिंग करणे’ (ए. ए. हा दारू सोडणाऱ्यांचा असाच एक स्वमदत गट, त्याविषयी पुढे सांगते). सोबत छायाप्रतीवरून छायाप्रत काढून अक्षरे पुसट झालेली एक यादी होती, आणि तीत आमच्या तालुक्याच्या नावापुढे पालिकेची एक शाळा, मंगळवार, संध्याकाळी सात, एवढाच मजकूर होता.

त्या मंगळवारी त्यांनी स्वतः होऊन इस्त्रीचा शर्ट काढला, दाढी केली आणि मला म्हणाले, “तूही चल, एकट्याला धीर होत नाही.” आम्ही पावणेसातला शाळेत पोहोचलो तर वर्गाला कुलूप. आठ वाजेपर्यंत आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिलो. शेवटी पहारेकरी बॅटरी घेऊन आला आणि म्हणाला, “दारू सोडनारं व्हय? त्यांनी जागा बदलून दोन वर्सं झाली की. कुठं गेली ते काय ठावं न्हाई.” परतताना यजमान एक शब्द बोलले नाहीत. रात्री दहाला ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून बाहेर पडले, आणि आले ते कसे आले हे लिहिण्याची गरज नाही.

त्या रात्रीचा दोष मी त्या कुलपाला देत नाही. ज्याला प्यायचेच असते त्याला कारण पुरते, हे मला पंधरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. परंतु मद्यपाशात सापडलेल्या माणसाची मदत घेण्याची तयारी फार थोडा वेळ टिकते, आणि त्या थोड्या वेळात त्याला चुकीच्या पत्त्यावर पाठवणे ही साधी गैरसोय नव्हे, एवढे माझे म्हणणे आहे.

ज्यांना या मीटिंगची कल्पना नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगते. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘ए. ए.’, 1935 साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अॅक्रन या गावी सुरू झाले. दारूपुढे हात टेकलेला एक शेअर दलाल आणि तसाच एक शल्यविशारद एकमेकांशी बोलत राहिले, आणि त्या बोलण्याच्या आधाराने दोघेही दारूपासून दूर राहिले, एवढेच त्याचे मूळ. भारतात ही मंडळी 1957 पासून आहेत आणि मुंबईत त्यांचे काम तेव्हापासूनचे आहे. येथे फी नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही. सभासद होण्याची एकच अट, दारू थांबवण्याची इच्छा. जागेचे भाडे आणि चहाचा खर्च सभासद आपसांत डबा फिरवून भागवतात, बाहेरच्या कोणाची देणगी घेत नाहीत. कोणी कोणाला उपदेश करत नाही. जो तो स्वतःचीच हकिगत सांगतो आणि बाकीचे ऐकतात. त्याला ते ‘शेअर करणे’ म्हणतात.

अडचण अशी की याच नियमांमुळे ती मंडळी दृष्टीआड राहतात. स्वतःची जाहिरात करायची नाही आणि वर्तमानपत्रात, आकाशवाणीवर किंवा पडद्यावर सभासदाचे नाव-चेहरा येऊ द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक आहे. तो योग्यच आहे; नाव झाकलेले राहील या भरवशावरच माणूस पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकतो. पण माणसाचे नाव गुप्त ठेवणे वेगळे आणि खोलीचा पत्ता कोणालाच ठाऊक नसणे वेगळे. पत्ता, वार आणि वेळ छापून आल्याने कोणाचेही नाव फुटत नाही. जे काम त्यांच्या रीतीत बसत नाही ते वर्तमानपत्राच्या रोजच्या कामात सहज बसते, आणि म्हणूनच मी हे आपल्याकडे मागत आहे.

कुलपाच्या प्रसंगानंतर मी शोध हाती घेतला. तेव्हा लक्षात आले की पत्ता बरोबर असणे ही पहिली पायरी आहे, आणि मीटिंग त्या माणसाला मानवणे ही त्यापुढची. पुण्यात माझ्या जाऊबाईंकडे मुक्कामाला असताना आम्हाला एक मीटिंग मिळाली. सभासद प्रेमळ होते, पण सारे बोलणे इंग्रजी आणि हिंदीत चाललेले. यजमान दीड तास हात मांडीखाली घेऊन बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, “ती सगळी शिकलेली माणसं, त्यांचं सुटतं. आपलं तसं नाही.” ते स्वतः पदवीधर आहेत. पण लाज, भीती आणि घरात केलेली मोडतोड माणूस ज्या भाषेत जगलेला असतो त्याच भाषेत त्याला ती ओठांवर आणता येते. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी एक मराठी मीटिंग मिळाली, तर ती ‘बंद’ मीटिंग निघाली. हा शब्दही आम्हाला नवा होता. ‘खुल्या’ मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर कोणीही बसू शकते. ‘बंद’ मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारूची अडचण आहे त्यांच्यासाठी असते. हे आधी कळले असते तर मी पहिल्या वेळी खुल्या मीटिंगलाच त्यांना घेऊन गेले असते. तिसरी मीटिंग सर्व दृष्टींनी चांगली होती, पण ती साडेआठला संपे आणि आमच्या गावची शेवटची एस. टी. सव्वाआठची. दर आठवड्याला ते शेवटच्या अर्ध्या तासात घड्याळाकडे पाहत बसत, आणि दोन महिन्यांत जाणे बंद पडले.

आणखी एक अडचण आमच्या शेजारच्या आळीतील एका गृहस्थांमुळे मला कळली. दारूपासून दूर राहण्यासाठी ए. ए. ने आखून दिलेल्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो आणि मीटिंगमध्ये प्रार्थना म्हटली जाते. हे गृहस्थ बौद्ध आहेत. परमेश्वराला शरण जाण्याची भाषा ऐकून ते पहिल्याच दिवशी उठून आले, आणि त्यांना हट्टी ठरवण्यात आले. खरे म्हणजे पायऱ्यांतील शब्द ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ असे आहेत आणि प्रत्येकाला त्याचा अर्थ लावण्याची मोकळीक आहे. पण हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. दुसऱ्या एका गटातील ज्येष्ठ सभासदाने त्यांना सांगितले की, तुमच्यासाठी हा समूह हीच तुमच्याहून मोठी शक्ती समजा. तेव्हा ते गृहस्थ म्हणाले की, पंचशीलातील पाचवे शील, ‘सुरामेरय मज्ज पमादट्ठाना वेरमणी’, मी लहानपणापासून म्हणत आलो, ते पाळायला मला सोबत हवी होती, ती येथे मिळते. आज ते त्या गटात चहा करण्याची जबाबदारी सांभाळतात. एक गट मानवला नाही म्हणजे सर्वच गट निरुपयोगी आहेत असे नव्हे, हे नव्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना कोणीतरी आधीच सांगायला हवे. जाणते सभासद सांगतात की निदान पाच-सहा मीटिंग बसून पाहा, मग ठरवा. पण पाच-सहा मीटिंगचे पत्ते असतील तर ना!

आमची मीटिंग अखेर नोव्हेंबरमध्ये सापडली, तीही योगायोगाने. आमच्या औषधांच्या दुकानदाराचे मेहुणे जुने सभासद होते. त्यांनी शनिवारी संध्याकाळी सहाला एका चर्चच्या आवारातील खोलीत यायला सांगितले. चर्चचे नाव ऐकून यजमान बिचकले, गावात काय म्हणतील असे त्यांना वाटले. ए. ए. कोणत्याही धर्माशी जोडलेले नाही, खोली स्वस्तात मिळते म्हणून शाळा, समाजमंदिर, चर्च असे जेथे जमेल तेथे ते बसतात, हे मला त्या मेहुण्यांनी फोनवर सांगितले आणि मी ते यजमानांना तसेच सांगितले. मीटिंग खुली होती, म्हणून मीही मागच्या खुर्चीवर बसले. बारा-तेरा माणसे, मध्ये एक टेबल, त्यावर स्टीलची किटली आणि भिंतीला टेकवलेला बारा पायऱ्यांचा फलक. सायकल दुरुस्तीचे दुकान असलेले एक गृहस्थ उभे राहिले. काळे पडलेले बोटांचे पेर ते सारखे पुसत होते. माणदेशी बोलीत त्यांनी सांगितले की, मुलीच्या बारशाला आणलेले पैसे मी गुत्त्यावर दिले आणि घरी येऊन पाकीट मारले म्हणून रडलो. माझ्या शेजारी बसलेले यजमान त्या वाक्यासरशी मान खाली घालून बसले. आमच्या घरी बारशाऐवजी शाळेची फी होती, एवढाच फरक. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी फक्त पहिले नाव सांगितले आणि ‘मी मद्यपी’ एवढे दोन शब्द उच्चारले. घरी, केंद्रात, डॉक्टरांपुढे, कुठेच त्यांनी ते शब्द कधी उच्चारले नव्हते. त्या रात्री ते जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सायकलवाल्या गृहस्थांचा फोन आला, “आजचा दिवस कसा हाय?” हा फोन पुढे वर्षभर रोज येत होता. 2020 च्या टाळेबंदीत खोल्या बंद झाल्या तेव्हा हीच मंडळी फोनवरून मीटिंग घेऊ लागली आणि यजमान गच्चीत खुर्ची टाकून बसत. आजही बाहेरगावी असताना ते तसेच जोडले जातात. आडगावी राहणाऱ्यांसाठी आणि ओळख उघड होण्याची धास्ती असणाऱ्यांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, तो मोठा आधार आहे.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून दोन शब्द. दारू पिणारी बाई आपल्याकडे घरातच लपवली जाते. तिला पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने जाऊन बसायला सांगणे हे सल्ला देऊन मोकळे होण्यासारखे आहे. जेथे स्त्री सभासद येतात किंवा स्त्रियांची वेगळी मीटिंग आहे, तेथे तसा स्पष्ट उल्लेख यादीत असावा. आणि पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते, हेही कित्येक घरांना ठाऊक नाही. ‘अल-अॅनॉन’ हा कुटुंबीयांचा गट 1951 पासून चालतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे काम डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्याने 1986 मध्ये सुरू केले; तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवऱ्याच्या खिशातल्या बाटलीवर पाळत ठेवणे आणि त्याच्या साहेबाला ‘त्यांना ताप आहे’ असे खोटे फोन करणे मी थांबवायला हवे, हे मला अशाच एका गटात बसून कळले. म्हणून यादी एका संघटनेपुरती नसावी, ए. ए., अल-अॅनॉन, व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुराव्याचे गट, जे जे नियमित भरतात ते सारे तीत यावे.

हा प्रश्न आमच्यासारख्या मूठभर घरांचा आहे असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते, असेही त्यात नोंदले आहे. उरलेल्या 37 घरांत काय चालले असेल याची कल्पना मला करावी लागत नाही. मीटिंगला जाऊन खरोखर उपयोग होतो का, ही शंकाही रास्त आहे. 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, म्हणजे दहा हजारांहून अधिक माणसे, एकत्र तपासून असा निष्कर्ष काढला की, समुपदेशकाने पद्धतशीरपणे ए. ए. शी जोडून दिलेल्या रुग्णांत पूर्ण दारूमुक्त राहण्याचे प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा अधिक होते. यातील ‘जोडून देणे’ या शब्दांकडे मी डॉक्टरांचे आणि केंद्रांचे लक्ष वेधू इच्छिते. फाईलवर शिक्का मारणे म्हणजे जोडून देणे नव्हे. रुग्ण घरी जाण्याआधी त्याच्या तालुक्यातील एखाद्या सभासदाशी, त्याच्या संमतीने, त्याचे फोनवर बोलणे करून द्यावे. पाच मिनिटांचे काम आहे.

एक धोक्याची सूचना यादीसोबत दर वेळी छापावी असे वाटते. मीटिंग हा दवाखाना नव्हे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने कोणाच्या भाषणाने भारून एका दिवसात दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊन माणूस नसलेल्या गोष्टी पाहू लागतो, आणि यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या जोडीने मीटिंग. घरी कोणी मार्ग सांगणारे नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस 14416 या क्रमांकांची मोफत सेवा आहे.

आता एक तक्रारही करते, ती आपल्या दैनिकासह सर्वांनीच मनावर घ्यावी. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा छोट्या जाहिराती मी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून वाचत आले, आणि एका हताश पावसाळ्यात मी स्वतः तशी पावडर मागवून भाजीत घातली आहे. तीत काय होते हे मला आजही माहीत नाही. पुढे डॉक्टरांनी समजावले की, दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात, कारण तिच्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. न सांगता घातलेल्या औषधाने माणूस सुधारत नाही, आणि त्याला ते कळले की घरातल्या ताटावरचा विश्वासही जातो. या जाहिराती आपण बंद कराव्यात. त्या जागी मीटिंगचे पत्ते छापले तर फार बरे होईल. आषाढ अमावास्येच्या आठवड्यात तर नक्की छापावेत. दिव्यांची अवस ‘गटारी’ म्हणून गाजवणाऱ्या बातम्या वाचून नुकतीच दारू सोडलेला माणूस कसा कासावीस होतो ते मी पाहिले आहे. 31 डिसेंबरचेही तेच.

यादीत काय असावे याविषयी अनुभवावरून सांगते. वार, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, भाषा, खुली की बंद, बसस्थानकापासून चालत किती मिनिटे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही माहिती कोणत्या तारखेला तपासली ती तारीख. कोणाही सभासदाचे नाव नको. गटाने स्वतः दिलेला संपर्क क्रमांक असेल तर तेवढा पुरे.

सुरुवात म्हणून आमच्या आणि शेजारच्या तालुक्यातील चार ठिकाणच्या मीटिंगची माहिती या पत्रासोबत जोडली आहे. चारही ठिकाणी मी गेल्या पंधरवड्यात स्वतः जाऊन, दार उघडे असल्याचे पाहून आणि गटाच्या सचिवांची परवानगी घेऊन ती लिहिली आहे. त्यांपैकी एका गटाची वेळ पुढील महिन्यापासून अर्धा तास अलीकडे येणार आहे, तेव्हा छापण्यापूर्वी मला एक फोन करावा. दर तीन महिन्यांनी ही माहिती पुन्हा तपासून पाठवण्याची जबाबदारी मी घेते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, जि. सातारा
(यजमानांच्या गटाचा दंडक लक्षात घेऊन माझे नाव प्रसिद्ध करू नये. नाव, पत्ता आणि फोन क्रमांक स्वतंत्र कागदावर दिला आहे.)